मुक्तद्वार कोणासाठी?

‘वाचनालय म्हणजे धर्मशाळा नव्हे.’ ग्रंथपालाच्या नोकरीत मी सव्वीस वर्षे काढली, त्यात हे वाक्य किती वेळा कानावर आले याची गणती नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेत आले, तक्रारवहीत आले, पदाधिकाऱ्यांच्या तोंडून आले, आणि सर्वांत जास्त आले ते वर्गणी वेळेवर भरणाऱ्या सभ्य सभासदांच्या तोंडून. वाक्य ठसठशीत आहे. सभेत टाळी घेते. एकदा ते उच्चारले की पुढे विचार करण्याची कोणाला गरज उरत नाही, आणि म्हणूनच त्याच्याशी माझे भांडण आहे.

वाचनालयाची धर्मशाळा करा, असे कोणीच म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की, सार्वजनिक ग्रंथालयात येऊन बसणाऱ्यांत जी माणसे अडलेली, एकटी, आजारी किंवा बेघर असतात, त्यांना त्यांच्या हक्काच्या मदतीचे दार दाखवणे आणि शक्य तिथे त्या दारापर्यंत पोचवणे हे ग्रंथालयाचे काम आहे. ते उपकार म्हणून करायचे नाही की फावल्या वेळची समाजसेवा म्हणूनही नाही. पुस्तक शोधून देणे हे जसे काम, तसेच हे. हा वाद मी महाराष्ट्राबाहेरही वाचल्या जाणाऱ्या अंकात मुद्दाम घालते आहे. इंदूर असो, बडोदे असो की हैदराबाद, मराठी माणूस जिथे गेला तिथे त्याने गणपती बसवला आणि वाचनालय काढले. वाचनालयाचा अभिमान आपण सगळीकडे नेला, तेव्हा त्याच्या दारावरची अढीही बरोबर गेली असणार.

आधी वस्तुस्थिती पाहू. आमच्याकडच्या ग्रंथालयांत देवघेव विभाग सभासदांसाठी असतो, पण वर्तमानपत्रांची खोली सर्वांना खुली ठेवण्याची जुनी रीत आहे. तिला आम्ही ‘मुक्तद्वार’ म्हणतो. शब्द देखणा आहे. आत चार-सहा लांब टेबले, बाके किंवा खुर्च्या, पंखे, पिण्याच्या पाण्याची टाकी आणि मागे संडास. वर्गणी नाही, नाव विचारत नाहीत. आता गावातली दुसरी जागा सांगा, जिथे माणूस काही विकत न घेता, काही न मागता, भर दुपारी दोन तास सावलीत बसू शकतो. बागा बहुतेक ठिकाणी दुपारी बंद असतात. रेल्वेच्या फलाटाला तिकीट लागते. हॉटेलात दुसरा चहा मागवावा लागतो. मॉलच्या दारातला रखवालदार आधी पायांतल्या चपला बघतो. देवळात बसता येते, पण तिथेही सगळ्यांना सारखेच बसता येते असे म्हणायला जीभ रेटत नाही. उरते ते वाचनालय. तेव्हा अडलेली माणसे वाचनालयातच का येतात, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. बाकीची दारे आपण लावून घेतली आहेत.

कोण येतात? नाक्यावर उभे राहून काम न मिळालेला गवंड्याच्या हाताखालचा मजूर येतो आणि तीन वाजेपर्यंत राशिभविष्य वाचतो. हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून पेन्शन अडकलेले आजोबा येतात. स्पर्धा परीक्षेची वयोमर्यादा उलटून गेलेला, घरी ते अजून न सांगितलेला मुलगा रोज सकाळी डबा घेऊन येतो. स्वतःशी बोलत सगळ्या वर्तमानपत्रांतले रेल्वेचे वेळापत्रक वहीत उतरवून घेणारा गृहस्थ येतो. शाळेत न जाणाऱ्या मुलीला घेऊन अकराला येणारी आणि पाचच्या ठोक्याला उठणारी बाई येते. ती एकच मासिक दिवसभर उघडे ठेवते, कारण घरी कोणीतरी दारू पिऊन बसलेले असते. ही माणसे कुठल्या एका गावची नाहीत. ज्याने मुक्तद्वारात आठवडाभर डोळे उघडे ठेवून काम केले आहे, त्याला ती सगळी ओळखू येतील.

आणि ती नुसती बसत नाहीत, विचारतात. लोकांना वाटते ग्रंथपालाला ‘अमक्या लेखकाचे तमके पुस्तक आहे का’ एवढेच विचारले जाते. मला विचारले गेलेले प्रश्न असे: संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज कुठे मिळतो? रेशनकार्डावरून नाव कमी झाले तर काय करायचे? नवऱ्याने घराबाहेर काढले तर पोलीस घेतात का तक्रार? रात्री झोप येत नाही, डोक्यात आवाज येतात, त्याच्यावर पुस्तक आहे का? शेवटचा प्रश्न नीट वाचा. माणूस पुस्तक मागतो आहे. वाचनालयाच्या भाषेत मागतो आहे, कारण त्या खोलीत तीच भाषा चालते हे त्याला ठाऊक आहे. अशा वेळी मानसशास्त्राच्या कपाटाकडे बोट दाखवणारा ग्रंथपाल नियमाने बरोबर आणि कामात नापास.

इथे काही जण म्हणतील की, ही भावनेची भाषा झाली, शास्त्र काय सांगते? शास्त्रही तेच सांगते. आपल्या देशात ग्रंथालयशास्त्र ज्यांनी उभे केले त्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली आपले पाच नियम ग्रंथरूपाने मांडले. ग्रंथ वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, या आशयाचे ते नियम ग्रंथपालनाची परीक्षा देणारा प्रत्येक जण घोकतो. रंगनाथन यांचा सगळा भर संदर्भसेवेवर होता. वाचक आणि त्याला हवी असलेली माहिती यांची गाठ जिवंत माणसाने घालून द्यायची, कपाटावर सोडायची नाही. त्याच १९३१ साली मन्नारगुडीला बैलगाडीवरचे फिरते ग्रंथालय निघाले, कारण वाचक दारापर्यंत येत नसेल तर दार वाचकाकडे न्यायचे, असा त्या विचाराचा अर्थ होता. ‘नवरा मारतो, कुठे जाऊ?’ हा संदर्भप्रश्न आहे. त्याचे उत्तर पुस्तकात नसून जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका कार्यालयात आहे, एवढाच फरक. उत्तर कुठल्या कपाटात आहे यावरून प्रश्न आमचा की परका हे ठरत नाही.

आता ‘धर्मशाळा नव्हे’वाले प्रत्यक्षात काय करतात तेही सांगते. मी ज्या गावी होते तिथल्या कार्यकारिणीने एका वर्षी तीन ठराव केले. मुक्तद्वारात येणाऱ्याने आधार कार्ड दाखवून नोंदवहीत सही करावी. खुर्च्या काढून उभ्याने वाचायचे उतरते मेज बसवावेत. संडासाला कुलूप लावून किल्ली फक्त सभासदांना द्यावी. कारण दिले होते ‘वाचनाचे वातावरण’. मी लेखी विरोध नोंदवला. तो इतिवृत्तात एका ओळीत बसवण्यात आला. तीन महिन्यांत वातावरण खरोखर सुधारले. पेन्शनवाले आजोबा गेले, कारण अर्धा तास उभे राहणे त्यांना झेपत नव्हते. वेळापत्रक लिहिणारे गृहस्थ गेले, कारण त्यांच्याकडे कुठलेच कार्ड नव्हते. मुलीला घेऊन येणारी बाई गेली, कारण पोर दिवसभर संडासाविना राहणार कशी? खोली शांत झाली. वार्षिक अहवालात ‘शिस्त’ हा शब्द आला. ती माणसे कुठे गेली, हे विचारण्यासाठी मात्र अहवालात रकाना नव्हता.

हा रकाना सरकारलाही नको आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे दर्जे मिळतात आणि दर्जानुसार अनुदान मिळते. दर्जा ठरवताना ग्रंथ किती, नियतकालिके किती, सभासद किती हे मोजले जाते. तपासणीला येणारा अधिकारी दाखलनोंद वही बघतो, पुस्तकांवरचे शिक्के बघतो. मुक्तद्वारातून या वर्षी किती माणसे वाटेला लागली, किती हाकलली गेली, हे कोणी विचारत नाही. जे मोजले जात नाही ते संस्था करत नाहीत. म्हणून दोष एकट्या कार्यकारिणीचा आहे असे मी म्हणत नाही. मोजपट्टीच आखूड आहे.

बरे, ‘आम्ही कशाला जोडून देऊ, ते आमचे काम नाही’ असे म्हणणारे ग्रंथालय एका ठिकाणी मात्र न चुकता जोडून देते. ते ठिकाण म्हणजे पोलीस चौकी. कोणी झोपला, कोणी बडबडला, कोणाच्या अंगाला वास आला की पहिला फोन तिकडे जातो. या फोनला कायद्याचा कोणता आधार मिळतो ते पाहण्यासारखे आहे. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा १९५९ चा. त्यात भीक मागण्याची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की, उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नसताना, भिकेवर जगतो असे वाटावे अशा अवस्थेत सार्वजनिक जागी फिरणे किंवा नुसते थांबणेही तिच्यात बसते. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षे, पुन्हा ठरल्यास दहा वर्षांपर्यंत संस्थेत डांबण्याची तरतूद आहे. हा कायदा दिल्लीलाही लावला होता. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच्या बहुतेक तरतुदी तिथल्यापुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. महाराष्ट्रात त्याची सावली अजून आहे. फाटक्या कपड्यांतल्या माणसाने आमच्या मुक्तद्वारात नुसते बसावे आणि आम्ही फोन फिरवावा, मग पुढचे काय होईल हे आमच्या हातात राहत नाही. म्हणजे ग्रंथालय या माणसांना कोणाशी जोडतच नाही, हे खरे नाही. ते आजही जोडते, फक्त चुकीच्या खात्याशी.

याच्या उलट दुसरा कायदा बघा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम १०० प्रमाणे, मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती भटकताना आढळली तर तिला संरक्षणात घेणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आत तिला सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचे असते, आणि कोठडीत ठेवता येत नाही. फोन तोच, पोलीसही तेच. पण ‘इथे एक वेडा त्रास देतोय, घेऊन जा’ म्हणणे आणि ‘कलम १०० खाली मदत हवी आहे’ म्हणणे यांत एका माणसाच्या आयुष्याचा फरक पडू शकतो. हा फरक माहीत असणे म्हणजे माहिती. आणि माहिती हा तर आमचा धंदा.

परदेशात काय चालते हे सांगितले की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया येतात, एक तर लोटांगण नाहीतर नाक मुरडणे. दोन्ही टाळून सांगते. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००९ मध्ये शहराच्या आरोग्य खात्याच्या मदतीने एक प्रशिक्षित समाजसेविका नेमली. दिवसभर ग्रंथालयात बसणाऱ्या बेघरांशी बोलायचे, त्यांना निवारा, उपचार, भत्ते यांच्या कार्यालयांशी जोडून द्यायचे, हे तिचे काम. मला त्यातला जास्त शहाणपणाचा भाग वाटतो तो पुढचा. तिच्या हाताखाली जे मदतनीस नेमले ते स्वतः कधीकाळी बेघर असलेले लोक होते, आणि त्यांना कामाचा मोबदला मिळत होता. नंतर इतर अनेक शहरांनी ही वाट धरली.

पण त्या देशानेही हे सहज केले नाही. न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या ग्रंथालयाने रिचर्ड क्राइमर नावाच्या बेघर माणसाला पुन्हा पुन्हा बाहेर काढले. तक्रार तीच, रोखून बघतो आणि वास येतो. तो कोर्टात गेला. १९९१ साली खालच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. बेघर डोळ्यांना आणि नाकाला खुपत असतील तर त्यांचे बेघरपण दूर करा, ग्रंथालयाचे कार्ड काढून घेऊ नका, असा त्या न्यायाधीशांच्या म्हणण्याचा रोख होता. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. ग्रंथालयात जाऊन माहिती मिळवण्याचा हक्क त्यांनी मान्य केला, पण इतरांच्या वाचनासाठी वाजवी नियम करण्याचा ग्रंथालयाचा अधिकारही मान्य केला. ‘धर्मशाळा नव्हे’वाल्यांना हा दुसरा निकाल आवडेल. मलाही त्यात गैर दिसत नाही. नियम हवेतच. दुसऱ्याच्या अंगावर ओरडणाऱ्याला थांबवलेच पाहिजे. प्रश्न नियम असावा की नसावा हा नाहीच. नियम मोडणाऱ्या माणसाला दारापर्यंत नेल्यावर त्याच्या हातात काय द्यायचे, हा प्रश्न आहे. आज आपण काहीच देत नाही.

आणि हे सगळे अमेरिकेतून आणायचे आहे असेही नाही. केरळात पी. एन. पणिक्करांनी १९४५ पासून ग्रंथशाळा संघाचे जे जाळे विणले, त्याने गावच्या वाचनालयाला साक्षरतेचे काम दिले. १९७५ साली युनेस्कोने त्या कामाला क्रुप्स्काया पुरस्कार देऊन गौरवले. आजही तिथल्या वाचनालयांत स्त्रियांची वेगळी मंडळी असते, मुलांची असते, म्हाताऱ्यांची असते. कर्नाटकात शाळा बंद असतानाच्या काळात, २०२० मध्ये, ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांनी मुलांना मोफत सभासद करून घेतले. यातले काहीही सॅन फ्रान्सिस्कोसारखे नाही आणि असण्याची गरजही नाही. ग्रंथालयाचा उंबरठा पुस्तकाच्या कपाटापाशी संपत नाही, एवढे या राज्यांना कळले. आमच्या राज्याला हजारो अनुदानित ग्रंथालयांचा अभिमान आहे. त्यांचा उंबरठा मात्र आम्ही वर्षागणिक उंच करत आणला.

बडोद्याचे उदाहरण मराठी माणसाने तरी विसरू नये. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर मोफत ग्रंथालये काढली. त्याच बडोद्यात, काही वर्षांनी, परदेशी पदव्या घेऊन संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहातून त्यांना जात कळल्यावर बाहेर काढण्यात आले, आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत काढले, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. एवढ्या विद्येच्या संस्थानात त्या दुपारी त्यांना उरली ती एक सार्वजनिक बाग. सार्वजनिक जागेची किंमत घरात बसून कळत नाही. ज्याला बाकी सगळीकडून उठवले आहे त्यालाच ती कळते. ‘सार्वजनिक’ हा शब्द पाटीवर लिहिणाऱ्या प्रत्येक संस्थेने ती दुपार डोळ्यांसमोर ठेवावी.

आता व्यवहाराचे बोलू. ‘पैसा कुठून आणायचा?’ हा पहिला आक्षेप. महाराष्ट्राच्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय कर नाही, दक्षिणेतल्या राज्यांत आहे. पैशाची चणचण खोटी नाही. पण मी जे मागते आहे त्याला फारसा पैसा लागत नाही, कारण सेवा आधीच अस्तित्वात आहेत आणि त्यांचा खर्च दुसऱ्या खात्यांनी उचलला आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कोठडीतली माणसे यांना मोफत वकील मिळतो. तालुक्याला समिती असते, १५१०० हा क्रमांक आहे, आणि गावोगाव जाऊन काम करणारे प्रशिक्षित विधी स्वयंसेवक आहेत. हिंसा सोसणाऱ्या स्त्रीसाठी २०१५ पासून सखी केंद्रे आहेत, १८१ आहे. मुलांसाठी १०९८, म्हाताऱ्यांसाठी १४५६७, मनाच्या त्रासासाठी २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६. दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे शंभर माणसांचा कायमचा निवारा असावा, असे शासनाचेच धोरण आहे. २०११ च्या जनगणनेत देशात पावणेअठरा लाखांच्या आसपास बेघर मोजले गेले. यादी लांब आहे. आणि ज्यांच्यासाठी ती केली त्यांच्यापैकी फार थोड्यांना ती ठाऊक आहे.

एका बाजूला खिडक्या उघडून बसलेली खाती, दुसऱ्या बाजूला खिडकी कुठे आहे हे न कळलेली माणसे; आणि मधोमध एक खोली, जिथे ही माणसे रोज आपल्या पायांनी येऊन बसतात. सरकारी योजना ‘शेवटच्या माणसापर्यंत’ नेण्याच्या घोषणा होतात, त्यासाठी जाहिराती लागतात, रथ निघतात. तो शेवटचा माणूस सकाळी अकरा वाजता आमच्या मुक्तद्वारात दुसऱ्या पंख्याखाली बसलेला असतो. त्याच्याकडे रथ न्यायची गरज नाही. आठवड्यातून एक दुपार विधी स्वयंसेवकाला त्या खोलीच्या कोपऱ्यात टेबल-खुर्ची द्या. महिन्यातून एकदा तहसीलच्या निराधार योजनेच्या माणसाला बोलवा. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची बाह्यरुग्ण वेळ फळ्यावर लिहा. वर दिलेले क्रमांक संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, कारण मार खाणारी बाई ते चारचौघांत वाचू शकत नाही. यातला सर्वांत मोठा खर्च खडूचा आहे.

दुसरा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. ‘ग्रंथपालाने अजून किती करायचे?’ तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या, वेतनश्रेणीसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांचा हा प्रश्न रास्त आहे. पण म्हणूनच हे काम एकट्याच्या अंगावर न टाकता जोडून देण्याची व्यवस्था हवी. आज ती नसल्यामुळेच ग्रंथपाल एकटा सापडतो. समोर रडणारी बाई असते आणि त्याला फक्त दोन गोष्टी करता येतात, खिशातले पैसे देणे किंवा तोंड फिरवणे. दोन्हींनी माणूस आतून झिजतो. एक ठरलेली वाट, एक फोन, एक नाव हाताशी असेल तर त्याचा भार हलका होतो. समुपदेशन ग्रंथपालाने करू नये, ते ज्याचे त्याने करावे. पत्ता सांगणे आणि उपचार करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पत्ता सांगणारा डॉक्टर असावा लागत नाही.

इथे माझ्याच बाजूच्या लोकांनाही एक गोष्ट बजावून सांगायची आहे. हे काम दानधर्माच्या वळणावर गेले तर मी त्याच्या विरोधात उभी राहीन. वाढदिवसाला मुक्तद्वारात केळी वाटणारे आणि त्याचा फोटो वर्तमानपत्रात छापून आणणारे दाते मी पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशी तोच फोटो त्याच खोलीत केळी खाल्लेल्या माणसापुढे टेबलावर पडलेला असतो. ग्रंथालयात येणारा माणूस वाचक आहे. त्याने विचारले तर सांगावे. विचारले नाही तर फळा आहे, कोपऱ्यातले टेबल आहे, तेवढे पुरे. त्याची कहाणी खणून काढू नये, त्याचे नाव वहीत टिपू नये, मदत घेण्याची सक्ती करू नये. काही माणसांना फक्त बसायचे असते आणि पेपर वाचायचा असतो. तोही हक्क आहे, त्याला कारण जोडावे लागत नाही.

‘इतर वाचकांना त्रास होतो’ हा तिसरा आक्षेप. त्रास कधी कधी होतो, हे खरे. पण तपशिलात गेलात तर बहुतेक वेळा त्रास म्हणजे शेजारी बसलेल्याचे कपडे, त्याचा वास, त्याची घोरण्याची लकब. या तक्रारींना आपण ‘वाचनाचे वातावरण’ हे नाव देतो. मोबाइलवर मोठ्याने व्यवहार बोलणाऱ्या आजीव सभासदाला मी कधी बाहेर काढलेले पाहिले नाही. त्याला नम्रपणे ‘साहेब, जरा बाहेर बोलता का’ म्हणतात. तीच नम्रता फाटक्या कपड्यांना द्या, मग नियमांबद्दल बोलू.

संस्थांचे पदाधिकारी हा लेख वाचत असतील तर त्यांच्यासाठी मागणी स्पष्ट शब्दांत मांडते. मुक्तद्वारात ओळखपत्र मागू नका. खुर्च्या आणि संडास सर्वांना खुले ठेवा. तालुका विधी सेवा समितीला एक पत्र लिहून आठवड्याची एक दुपार ठरवून घ्या. पत्र लिहायला ठरावही लागत नाही, सचिवाची सही पुरते. पोलिसांना फोन करण्याआधी कोणाला करायचा, हे एका कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा. आणि शासनाने तपासणीच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा: या वर्षी किती जणांना कोणत्या सेवेशी जोडून दिले, फक्त आकडा, नावे नकोत. रकाना आला की संस्था कामाला लागतील. त्या नाइलाजाने लागल्या तरी मला चालेल. माणसाला निवारा मिळाला तर तो संस्थेच्या अंतःकरणातून आला की तपासणीच्या धाकाने, याची चौकशी तो करणार नाही.

सभासदांकडेही एक मागणे आहे. वार्षिक सभेची नोटीस येते ती आपण बहुधा न उघडताच ठेवून देतो. या वर्षी उघडा, सभेला जा, आणि कोणी उठून धर्मशाळेचे ते वाक्य म्हणाले तर टाळी पडायच्या आत एवढेच विचारा: ‘मग त्यांनी कुठे जायचे, ते सांगा. पत्ता द्या.’ पत्ता ठाऊक असेल तर तो तिथल्या तिथे इतिवृत्तात लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी मुक्तद्वाराच्या फळ्यावर उतरवा.